प्लॅस्टिक प्रतिकृतींची उपसाधने

जुळणी-संचापासून तयार केलेल्या विमान, जहाज, रणगाडा, मोटारगाडी, सैनिक इत्यादींच्या लघुप्रमाण प्रतिकृतींना जोडण्यात येणाऱ्या, परंतु मूळ संचात नसलेल्या पूरक वस्तू. रणगाड्यावरील इंधनाचे डबे, वाळूची पोती, गुंडाळलेली ताडपत्री व ओढदोर. विमानातील वैमानिकाच्या आसनाचे पट्टे व उपकरणे. मोटारगाडीची निराळी चाके व इंजिन. सैनिकाची पडशी, शिरस्त्राण व शस्त्र ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. अशी उपसाधने बाजारात तयार मिळतात. तथापि जुन्या संचांतून शिल्लक राहिलेल्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून ती हाताने घडविण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. संचातील प्रतिकृती ही बहुधा वस्तूचे कारखान्यातून बाहेर पडतानाचे रूप दाखविते. ती वस्तू माणसांच्या वापरात आल्यानंतरचे रूप उपसाधनांमुळे प्रतीत होते. या दृष्टीने उपसाधनांच्या निर्मितीला छंदाबरोबरच इतिहासाच्या चित्रणातही स्थान प्राप्त झाले आहे.

संज्ञा व प्रकार : प्रतिकृतीत फेरफार करण्याच्या तीन पद्धती सामान्यतः मानल्या जातात. संचातील काही भाग बदलून त्याच वस्तूचा दुसरा उपप्रकार तयार करणे, ही पहिली पद्धती रूपांतर म्हणून ओळखली जाते. दोन किंवा अधिक संचांचे भाग एकत्र करून नवीनच प्रतिकृती वा उपसाधन घडविणे, ही दुसरी होय. तिला इंग्रजीत किटबॅशिंग म्हणतात. मराठीत तिला संचसंकर म्हणता येईल. संचाचा आधार न घेता प्लॅस्टिकचा पत्रा, नळ्या, तार यांपासून सर्व काही नव्याने घडविणे ही तिसरी पद्धती होय. प्रत्यक्षात या तिन्ही पद्धती एकमेकींत मिसळलेल्या असतात. सुट्या भागांतून उपसाधने घडविणारा कारागीर एखादी चाकाची तबकडी जशीच्या तशी वापरतो, दुसरी कापून घेतो व उरलेला भाग पत्र्यातून पूर्ण करतो.

पूर्वेतिहास : टाकाऊ पदार्थांपासून बारीक प्रतिकृती घडविण्याची कला प्लॅस्टिकपूर्व काळातही अवगत होती. फ्रान्स व ब्रिटन यांच्यातील १७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत ब्रिटनमध्ये बंदिवान झालेल्या फ्रेंच सैनिकांनी व खलाशांनी जेवणातील मांसाच्या उरलेल्या हाडांपासून जहाजांच्या अत्यंत रेखीव प्रतिकृती तयार केल्या व त्या स्थानिक लोकांना विकल्या. इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील युद्धबंद्यांच्या छावणीतील अशा वस्तू आजही संग्रहालयांत पहावयास मिळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडाचे ठोकळे कोरून विमानांच्या प्रतिकृती करण्याचा छंद यूरोप-अमेरिकेत रूढ होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची व मित्रपक्षांची विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी अशा प्रतिकृतींची मोठी गरज निर्माण झाली आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शालेय विद्यार्थ्यांकडून १ : ७२ या प्रमाणातील सु. ५ लाख प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. या काळात कारागिराला प्रत्येक भाग स्वतःच करावा लागे. त्यामुळे मुख्य प्रतिकृती व उपसाधन असा भेद उद्‌भवत नसे.

प्लॅस्टिक-संचांचा उदय : हा भेद अंतःक्षेपण साच्याने निर्माण केला. तापवून मऊ केलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरण्याची पद्धती जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात व्यवहारोपयोगी झाली आणि १९३० च्या सुमारास तेथेच पॉलिस्टायरिनाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. जुळणीच्या प्लॅस्टिक-संचांची पहिली मालिका इंग्लंडमध्ये १९३६ च्या अखेरीस ‘फ्रॉग’ या व्यापारी नावाच्या उत्पादकांनी बाजारात आणली. या प्रतिकृती उडत नसल्यामुळे त्यांना ‘पेंग्विन’ असे नाव देण्यात आले. त्या १ : ७२ या प्रमाणात होत्या, परंतु त्यांसाठी वापरलेले सेल्युलोज ॲसिटेट कालांतराने वाकडेतिकडे होई. महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन सर्वमान्य झाले. इंग्लंडमधील एअरफिक्स या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ‘गोल्डन हाइंड’ या ऐतिहासिक जहाजाचा संच साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंग किंमतीस विकावयास काढला. अमेरिकेत रेव्हेल, मोनोग्राम, ऑरोरा या कंपन्या याच सुमारास पुढे आल्या. जपानमध्ये शिझुओका येथील, मूळच्या लाकूड-व्यवसायातील तामिया कंपनीने १९६० मध्ये आपला पहिला प्लॅस्टिक-संच प्रसिद्ध केला. यानंतर पंधरा-वीस वर्षांत शाळकरी मुलालाही खाऊच्या पैशांत घेता येईल असा हा छंद झाला.

सुटे भाग उरण्याची कारणे : संचातील भाग प्लॅस्टिकच्या दांड्यांच्या चौकटीला चिकटलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. साचा पोलादात कोरावा लागतो व तो अतिशय खर्चिक असतो. म्हणून एकाच वस्तूचे दोन-तीन उपप्रकार विकावयाचे असल्यास उत्पादक सर्वांसाठी शक्य तितकी समान चौकट वापरतो व फरकापुरती एखादी चौकट वाढवितो. परिणामी एका उपप्रकाराच्या डब्यात दुसऱ्याच्या तोफा, चाके, झाकणे, बाँब असे कितीतरी भाग येतात आणि त्या प्रतिकृतीत त्यांचा उपयोग होत नाही. सैनिकांच्या संचात एका सैनिकाला एकच बंदूक लागत असली, तरी चौकटीवर तीन-चार शस्त्रे असतात. उत्पादकाच्या दृष्टीने हे भाग म्हणजे काटकसरीचा अपरिहार्य परिणाम. कारागिराच्या दृष्टीने ते भांडवल ठरले. असे भाग टाकून न देता आकारानुसार वर्गवारी करून पेटीत साठविणे, हा या छंदाचा पहिला नियम होऊन बसला. बिघडलेल्या वा मोडलेल्या प्रतिकृतींचे अवशेषही या पेटीत जमा होत.

काही उत्पादकांनी मात्र जादा भाग हेतुपुरस्सर पुरविले. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये मोटारगाड्यांचे ‘तीनात एक’ पद्धतीचे संच काढले. त्यांतून विक्रेत्याच्या दालनातील मूळ स्वरूपाची, मालकाने हौसेने सजविलेली किंवा शर्यतीची अशी तिन्हींपैकी कोणतीही एक गाडी करता येई; उरलेल्या दोन प्रकारांचे भाग पेटीत जात. कॅलिफोर्नियात त्या वेळी जुन्या गाड्या कापून, खाली बसवून, नवी इंजिने घालून त्यांना स्वतंत्र रूप देण्याची लाट होती. तरुणांना खरी गाडी परवडत नसली, तरी १ : २५ प्रमाणातील गाडीवर तेच प्रयोग करता येत. पुढे इंजिने, चाके, धूरनळ्या यांचे स्वतंत्र लहान संचही विकले जाऊ लागले. फ्रान्समधील हिस्टोरेक्स या कंपनीने नेपोलियनच्या काळातील घोडेस्वार व सैनिक अनेक बारीक भागांत विभागून उपलब्ध केले व सुटे भागही पुरविले. त्यामुळे एकाचे डोके, दुसऱ्याचा हात व तिसऱ्याचा घोडा घेऊन त्या सैन्यातील एखाद्या विशिष्ट पलटणीचा, विशिष्ट लढाईतील सैनिक उभा करणे शक्य झाले.

ऐतिहासिक सत्यता व उपसाधने : लष्करी प्रतिकृतींच्या क्षेत्रात उपसाधनांना विशेष महत्त्व आले. युद्धकाळातील छायाचित्रांत दिसणारे रणगाडे क्वचितच कारखान्यातील आराखड्याप्रमाणे असतात. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी शर्मन रणगाड्यांवर चालकदलांनी वाळूची पोती, लाकडी ओंडके, जादा पट्ट्यांचे दुवे असे जे हाती लागेल ते बांधलेले दिसते. शत्रूच्या गोळ्यापासून अधिक संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू असे. नॉर्मंडीतील मातीच्या उंच बांधांवरील दाट कुंपणे फोडण्यासाठी १९४४ मध्ये सार्जंट कर्टिस क्यूलिन याने रणगाड्याच्या पुढे बसविण्याचे पोलादी दाते तयार केले. त्यांसाठी जर्मनांनी समुद्रकिनाऱ्यावर उभारलेल्या अडथळ्यांतील भंगार पोलाद वापरण्यात आले. अशा रणगाड्याची प्रतिकृती करणारा कारागीर निरुपयोगी प्लॅस्टिकचे तुकडे कापून ते दाते घडवितो, तेव्हा त्याची कृती मूळ कृतीशी विलक्षण मिळतीजुळती ठरते. भंगारातून निघालेल्या साधनाची प्रतिकृती भंगारातूनच तयार होते.

या कामाला अभ्यासाची जोड देण्याचे श्रेय छंदविषयक नियतकालिकांना व संघटनांना द्यावे लागेल. ब्रिटनमध्ये १९६० पासून निघू लागलेल्या एअरफिक्स मॅगझिन या मासिकात एका संचातून दुसरा उपप्रकार कसा करावा, हे मापे व आकृत्या देऊन सांगितले जाई. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक प्रतिकृतिकारांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. अमेरिकेत शेपर्ड पेन (१९४६–२०१५) याने मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रांतून प्रतिकृतीभोवती प्रसंग उभा करण्याची रीत लोकप्रिय केली. पडलेले विमान, त्याची उघडी यंत्रे, बाजूला पडलेली साधने, काम करणारी माणसे यांतून एक घटना सांगितली जावी, असा त्याचा आग्रह होता. अशा प्रसंगदृश्यात प्रत्येक डबा, दोर वा पेटी कोठे व का आहे याचे उत्तर कारागिराजवळ असावे लागते. छायाचित्रात नसलेली वस्तू जोडावी की नाही, हा या मंडळींतील जुना वाद होय. एका पक्षाच्या मते पुराव्याविना जोडलेले उपसाधन म्हणजे बनावट दस्तऐवज. दुसऱ्या पक्षाच्या मते सर्वसामान्य वापरातील वस्तू तर्काने दाखविण्यास प्रत्यवाय नसावा. स्पर्धांतून मात्र दोन्ही दृष्टींना जागा करून देण्यात आली. संचात आहे तेवढेच वापरून केलेल्या प्रतिकृतींचा वेगळा वर्ग ठेवण्याची प्रथा अशाच विचारातून पडली.

साहित्य व तंत्र : सुट्या भागांचे काम मुख्यतः पॉलिस्टायरिनाच्या गुणधर्मांवर अवलंबून असते. हे प्लॅस्टिक कठीण, पण सहज कापता व घासता येण्याजोगे असते, ते सु. १००° से. च्या पुढे मऊ होते आणि काही कार्बनी विद्रावकांत विरघळते. त्यासाठी वापरण्यात येणारे पातळ चिकटद्रव्य हा खरे पाहता विद्रावकच असतो. तो दोन्ही पृष्ठे मऊ करतो, त्यांतील रेणूंच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात व विद्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. म्हणून जोडावयाच्या जागेवरील रंग आधी खरवडून काढावा लागतो. पॉलिएथिलिनाच्या मऊ खेळण्यांवर या द्रव्याचा परिणाम होत नाही. रेझीन किंवा धातूचे भाग जोडण्यासाठी सायनोॲक्रिलेट वा इपॉक्सी जातीचे चिकटद्रव्य घ्यावे लागते. विद्रावकाची वाफ अपायकारक असल्याने हे काम मोकळ्या हवेत करणे इष्ट असते.

चौकटीच्या दांड्याही वाया जात नाहीत. दांडीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून फिरवीत मऊ करतात व ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोकांनी ओढतात. सावकाश ओढल्यास जाड काडी व जलद ओढल्यास केसासारखा बारीक धागा मिळतो. विमानाची बिनतारी संदेशाची तार, रणगाड्याचे हाताचे दांडे, जहाजाची दोरखंडे यांसाठी तो वापरतात. सपाट भागांसाठी पॉलिस्टायरिनाचा पांढरा पत्रा, ताडपत्रीसाठी पातळ केलेल्या गोंदात भिजविलेला तलम कागद, ओढदोरासाठी पिळलेली तार, पोत्यांसाठी इपॉक्सी पुट्टी व पट्ट्यांसाठी धातूचे पातळ वर्ख अशी साहित्याची निवड केली जाते. धारदार पाते, बारीक कानस, पॉलिश कागद, चिमटा व हातात धरून फिरविण्याचे सूक्ष्म गिरमिट एवढी हत्यारे बहुतेक कामांस पुरतात.

उपसाधन पटण्याजोगे होण्यासाठी प्रमाणाचे भान आवश्यक असते. १ : ३५ या प्रमाणात २०० लिटरचे पिंप सु. १७ मिमी. व्यासाचे व २५ मिमी. उंचीचे, तर २० लिटरचा लष्करी इंधनडबा सु. १३ मिमी. उंचीचा असतो. साच्यातून निघणारा भाग फार पातळ करता येत नाही. रणगाड्याच्या चिखलरोधकाचा साच्यातील भाग १ मिमी. जाडीचा असल्यास तो प्रत्यक्षातील ३५ मिमी. जाडीच्या पत्र्याबरोबर होतो. खरा पत्रा मात्र काही मिलिमीटरच जाड असतो. म्हणून कुशल कारागीर अशा भागाची कड मागून तासून पातळ करतो किंवा तो काढून त्या जागी वर्ख बसवितो. याउलट एका प्रमाणातील भाग दुसऱ्या प्रमाणात नेला, की त्याचा अर्थच बदलतो. १ : ३५ मधील तोच इंधनडबा १ : ७२ मधील प्रतिकृतीवर ठेवल्यास तो जवळजवळ १ मी. उंचीचा होतो व एखाद्या यंत्राची टाकी म्हणून शोभतो. भाग मुळात काय होता हे विसरून त्याचा केवळ आकार पाहण्याची ही दृष्टी म्हणजेच या कलेचे मर्म होय. ती सवयीने येते. पेटीतील भाग वरचेवर चाळल्याखेरीज ती साधत नाही.

चित्रपटांतील उपयोग : या दृष्टीचा सर्वांत व्यापक उपयोग चित्रपटांच्या विशेष परिणामांसाठी झाला. इंग्लंडमध्ये डेरेक मेडिंग्ज (१९३१–९५) याने थंडरबर्ड्‌स (१९६५) या दूरचित्रवाणी मालिकेतील याने व इमारती यांच्या पृष्ठभागांवर बाजारी संचांतील भाग बसविले. स्टॅन्ली कुब्रिक (१९२८–९९) याच्या २००१ : ए स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटातील अवकाशयानांच्या प्रचंड प्रतिकृतींवर हीच रीत अवलंबिली गेली. त्या चित्रपटावर काम केलेल्या डग्लस ट्रंबल (१९४२–२०२२) याने पुढे सायलेंट रनिंग (१९७२) या स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातील सु. ८ मी. लांबीच्या यानासाठी रणगाड्यांचे शेकडो संच खर्ची घातले. स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटासाठी कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे काम करणाऱ्या प्रतिकृतिकारांनी रणगाडे, युद्धनौका, विमाने व शर्यतीच्या गाड्या यांच्या संचांतील अगणित भाग वापरले. निश्चित कार्य नसलेल्या, केवळ पृष्ठभाग गजबजलेला दाखविणाऱ्या अशा भागांना त्यांनी ‘ग्रीब्ली’ असे गमतीदार नाव दिले.

यामागील तत्त्व दृष्टिभ्रमाचे आहे. गुळगुळीत पृष्ठावरून वस्तूच्या आकारमानाचा अंदाज करता येत नाही. परंतु त्यावर असंख्य लहान तपशील असले व त्यांवर सावल्या पडल्या, की डोळा ते तपशील माणसाच्या मापाचे समजतो व त्या मानाने संपूर्ण वस्तू अजस्र भासते. स्टार वॉर्सच्या सुरुवातीच्या दृश्यात पडदा व्यापून टाकणाऱ्या युद्धयानाची प्रतिकृती वस्तुतः ९१ सेंमी. च्या आसपास लांब होती. वेळ व पैसा दोन्ही मर्यादित असता प्रत्येक तपशील नव्याने कोरणे अशक्य होते. संचातील भागांवर मात्र अभियंत्याने आखलेले व साचेकाराने कोरलेले बारीक काम आयतेच उपलब्ध होते. मोठे पृष्ठभाग भरण्यासाठी काही भागांचे साचे करून त्यांच्या रेझिनातील प्रती काढण्यात आल्या. पुढील काळात हौशी कारागिरांनी या यानांची छायाचित्रे न्याहाळून कोणता तुकडा कोणत्या संचातील आहे, याचा शोध घेण्याचा एक स्वतंत्र अभ्यासच उभा केला. जपानमधील बंदाई कंपनीने २०१७ मध्ये याच चित्रपटातील ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाचा १ : ७२ प्रमाणातील मोठा संच काढला. जुन्या संचांतून उचललेल्या ज्या तुकड्यांनी मूळ प्रतिकृती सजली होती, त्यांचे आकार अशा प्रकारे पुन्हा एकदा साच्यात कोरले गेले.

जपानमधील विकास : जपानमध्ये तामियाने १९६१–६२ च्या सुमारास पँथर या जर्मन रणगाड्याचा विद्युत्‌ चलित्रावर चालणारा संच काढला. चलित्र व विद्युत्‌ घट आत मावतील असा आकार ठरविताना जे प्रमाण आले, ते १ : ३५ होते व तेच पुढे लष्करी प्रतिकृतींचे जगन्मान्य प्रमाण झाले. या कंपनीने सैनिकांच्या जोडीला वाळूची पोती, इंधनडबे, विटांच्या भिंती यांचे स्वतंत्र लहान संच उपलब्ध केले. कारागीर स्वतः करीत असलेली वस्तू उत्पादकाने उचलून धरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

बंदाई कंपनीने १९८० मध्ये ‘गुंडाम’ या दूरचित्रवाणी मालिकेतील यंत्रमानवाचा १ : १४४ प्रमाणातील संच ३०० येन किंमतीस विकावयास काढला व त्याने मोठी लोकप्रियता मिळविली. येथे परिस्थिती निराळी होती. खऱ्या रणगाड्याची छायाचित्रे पुराव्यासाठी उपलब्ध असतात. यंत्रमानव काल्पनिक असल्याने असा पुरावाच नव्हता. त्यामुळे हौशी तरुणांनी रणगाड्यांचे भाग जोडून, नवी शस्त्रे व चिलखते घडवून आपापले उपप्रकार तयार केले व छंदविषयक मासिकांनी त्यांना प्रसिद्धी दिली. मालिकेत न आलेल्या अशा उपप्रकारांचे अधिकृत संच १९८३ पासून निघू लागले. वाचकाने शोधलेली वाट उत्पादकाने राजमार्ग म्हणून स्वीकारली, असे याचे वर्णन करता येईल. को योकोयामा (१९५६– ) या कलावंताने तर उरलेल्या सुट्या भागांतून संपूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतील लढाऊ चिलखती पोशाख व वाहने घडविली. त्यांची चित्रमालिका १९८२ पासून हॉबी जपान या मासिकात प्रसिद्ध झाली व तिच्यावरून निट्टो कंपनीने संच काढले. पुढे ही निर्मिती ‘माशीनेन क्रीगर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुट्या भागांतून जन्मलेली वस्तू स्वतःच संच झाली आणि तिचेही सुटे भाग नव्या कारागिरांच्या पेट्यांत जाऊन पडले.

व्यापारी उपसाधने : १९८० नंतरच्या दशकात उपसाधनांचा स्वतंत्र व्यवसाय आकारास आला. सिलिकोन रबराचे साचे व रेझीन यांमुळे पोलादी साच्याशिवाय, घरगुती जागेतही, थोड्या प्रतींचे उत्पादन करता येऊ लागले. बेल्जियममधील फ्रांस्वा व्हर्लिंडेन याच्या कंपनीने रेझिनातील पडशा, पेट्या, इंजिने व इमारतींचे भग्नावशेष यांची मोठी मालिका काढली. प्रकाशाच्या साहाय्याने आकृती उमटवून आम्लासारख्या द्रवाने पितळी पत्रा कोरण्याच्या पद्धतीमुळे आसनाचे पट्टे, जाळ्या, कड्या असे अतिशय पातळ भाग मिळू लागले. चेक प्रदेशात १९८९ मध्ये स्थापन झालेली एडुआर्ड ही कंपनी या क्षेत्रात अग्रेसर ठरली. या तयार भागांचा काटेकोरपणा हाताने क्वचितच साधता येतो. मात्र त्यांची किंमत पुष्कळदा मूळ संचाहून अधिक पडते. शिवाय सर्वांनी तेच भाग वापरल्याने प्रतिकृती एकसारख्या दिसू लागतात, ही जुन्या कारागिरांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही.

हक्काचा प्रश्न : उपसाधने खाजगी हौसेपुरती होती, तोवर ती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उद्‌भवला नाही. व्यवसायाबरोबर तो उद्‌भवला. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या युद्धखेळांत, विशेषतः १९८७ पासून चालत आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात, डोकी, हात, शस्त्रे परस्परांत बदलता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या सैनिकांचा वापर होतो. आपल्या सैन्याला वेगळेपण देण्यासाठी खेळाडूंनी भागांची अदलाबदल करावी, यास कंपनीच्या नियतकालिकाने आरंभीच्या काळात उत्तेजन दिले होते. पुढे चॅप्टरहाउस स्टुडिओज या लहान अमेरिकी व्यवसायाने या सैनिकांना बसणारी खांदाकवचे व इतर उपसाधने तयार करून विकली, तेव्हा गेम्स वर्कशॉपने २०१० मध्ये शिकागो येथील संघीय न्यायालयात त्याच्याविरुद्ध दावा केला. २०१३ मध्ये ज्यूरीने दिलेला निर्णय संमिश्र होता. काही वस्तूंच्या बाबतीत प्रताधिकाराचा भंग झाल्याचे मान्य होऊन २५,००० डॉलरांची भरपाई ठरविण्यात आली. इतर अनेक वस्तूंच्या बाबतीत दावा फेटाळला गेला. अपील चालू असता २०१४ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. विकत घेतलेल्या वस्तूत स्वतःसाठी फेरफार करणे व त्या फेरफाराचा व्यापार करणे यांतील सीमारेषा किती पुसट आहे, हे या दाव्याने स्पष्ट केले. आपल्या पेटीतील भाग कापून आपलीच प्रतिकृती सजविणाऱ्या हौशी कारागिराचे काम मात्र या वादाच्या कक्षेबाहेर होते.

अलीकडील प्रवृत्ती : २०१० नंतरच्या दशकात प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनाचे थर एकावर एक चढवून वस्तू घडविणारी त्रिमितीय मुद्रणयंत्रे घरगुती वापराच्या किंमतीत मिळू लागली. संगणकावर आराखडा केल्यास इंधनडबा, शिरस्त्राण किंवा संपूर्ण इंजिन हव्या त्या प्रमाणात छापून काढता येते व तोच आराखडा दूरच्या कारागिराला पाठविताही येतो. चित्रपटांच्या क्षेत्रात संगणकीय चित्रणाने प्रत्यक्ष प्रतिकृतींचे स्थान मोठ्या प्रमाणावर घेतले. तथापि तेथेही तयार आकारांचे संग्रह जवळ ठेवून त्यांच्या जुळणीतून नवी याने उभी केली जातात व या कामाला किटबॅशिंग हेच जुने नाव चालू आहे.

साधने बदलली, तरी कृतीचे स्वरूप फारसे बदललेले नाही. मुद्रणयंत्राला नेमका आराखडा आधी द्यावा लागतो. सुट्या भागांच्या पेटीतून मात्र कारागिराला आधी न सुचलेली वस्तू सापडू शकते. तेथे आकार आधी हाती येतो व त्याचा उपयोग मागाहून ठरतो. शिवाय पेटीतील भागांना वेगळा खर्च नसल्यामुळे चुकण्याची मुभा राहते; एखादे चाक कापताना बिघडले, तर दुसरे घेता येते. नवशिक्याला हात बसविण्यासाठी या मुभेइतके उपयुक्त दुसरे काही नाही. बाजारात तयार उपसाधनांची रेलचेल असतानाही अनुभवी प्रतिकृतिकार उरलेल्या चौकटी फेकून देत नाहीत, याचे कारण प्रामुख्याने यातच आहे.